‘चालेल’ म्हणजे होकार?

‘हार्टस्टॉपर’ वाचलेल्या किंवा नेटफ्लिक्सवर पाहिलेल्या कुणालाही विचारा, पहिला शब्द येतो ‘क्यूट’. दुसराही बहुतेक तोच. आणि ज्यांना ते आवडलं नाही त्यांची तक्रारही ठरलेली असते: फारच गोड आहे राव. खरी मुलं असं बोलतात का? किस करण्याआधी कुणी परवानगी काढतं का?

मला तर ही तक्रारच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲलिस ओसमन यांनी २०१६ मध्ये हे कॉमिक ऑनलाइन सुरू केलं, पुढे त्याची पुस्तकं आली आणि २०२२ मध्ये मालिका. गोष्ट इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या मुलांच्या शाळेतली. चार्ली गे आहे हे शाळेत सगळ्यांना कळलेलं आहे, आणि त्यावरून त्याने भरपूर छळही सोसलाय. निक त्याच्यापेक्षा एक वर्ष पुढे, रग्बी टीममधला, सगळ्यांचा लाडका. दोघं शेजारी बसू लागतात, मैत्री होते, आणि मग मैत्रीच्या पुढचं काहीतरी. व्हिलन नाही, खून नाही, कुणी कुणाला पळवून नेत नाही. पानंच्या पानं दोघं एकमेकांना ‘हाय’ म्हणतात, मेसेज टाइप करतात, खोडतात, परत टाइप करतात. हा शेवटचा भाग तरी तुम्हाला खोटा वाटू नये!

आता त्या ‘परवानगी’कडे येऊ. मुळात आपल्याकडे ‘संमती’ हा शब्द ऐकला की शाळेच्या सहलीचं संमतीपत्रच आठवतं. पालकांची सही घ्या, वर्गशिक्षकांकडे द्या, विषय संपला. त्यामुळे प्रेमात संमती म्हटलं की वाटतं, घ्या, आता इथेही फॉर्म भरायचा. शिवाय पडद्यावर हीरो पाठलाग करतो, ती चिडते, गाण्याच्या तिसऱ्या कडव्याला हसते, असं बघत आपण मोठे झालो. विचारणारा हीरो आपल्याला बावळट वाटतो यात नवल नाही.

‘हार्टस्टॉपर’मध्ये मात्र धडधड वाढते ती विचारण्याच्याच क्षणी. एका पार्टीत निक आणि चार्ली गर्दीतून बाजूला येऊन बसतात. चार्ली आडून आडून विचारत जातो. तुला कुणी आवडतं का, मुलगी नसलेल्या कुणाला तू किस करशील का, आणि शेवटी, मला करशील का? प्रत्येक प्रश्नागणिक निकला ‘नाही’ म्हणून उठून जायची वाट मोकळी आहे. तो उठत नाही. त्या प्रश्नांमुळे सीन जराही थंड पडत नाही, उलट वाचणाऱ्याचाच श्वास अडकतो. पुढे बाहेरून हाक येते, निक गडबडून निघून जातो आणि चार्लीला वाटतं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी निक पावसात भिजत त्याच्या दारात उभा राहतो आणि आपल्या डोक्यात किती गोंधळ आहे ते सांगतो. गोंधळ झाला म्हणून गायब होता येतं, हे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. त्याला घोस्टिंग असं छान नावही आहे. निक तसं करत नाही.

पण खरी मेख बेनमध्ये आहे.

बेन म्हणजे निकच्या आधी चार्लीच्या आयुष्यात असलेला मुलगा. तो चार्लीला लपूनछपून भेटतो, चारचौघांत ओळखही दाखवत नाही, आणि वर एका मुलीबरोबरही फिरतो. चार्ली जेव्हा ‘बास झालं’ म्हणतो तेव्हा तो जबरदस्तीने त्याला किस करतो. निक मध्ये पडून ते थांबवतो. इथपर्यंत काळं-पांढरं स्पष्ट आहे. पण पुढे गंमत बघा. निकसुद्धा नातं लपवतोच की! तोही शाळेत सांगायला तयार नाही. मग बेन वाईट आणि निक चांगला, असं का? निक दिसायला गोड आहे म्हणून?

फरक लपवण्यात नाही, लपवायचं कुणी ठरवलं यात आहे. बेनने ठरवलं, चार्लीने फक्त पाळायचं. कुठे भेटायचं, कधी भेटायचं, कधी अनोळखी व्हायचं, सगळं एकतर्फी. निकच्या बाबतीत ते गुपित दोघांचं आहे. मला भीती वाटते हे तो सांगतो, चार्लीला याचा त्रास होत असेल हे त्याला कळतं, आणि चार्ली म्हणतो की तुला वेळ हवा तेवढा घे. एखाद्याला अजून सांगायचं नसणं हा गुन्हा नाही. तुमच्याही ग्रुपमध्ये असं कुणीतरी असेल, ज्याच्याबद्दल कॉलेजात दोघा-तिघांना माहीत आहे आणि घरी कुणालाच नाही. पण आपल्या भीतीपायी समोरच्याला कुलूप लावून ठेवणं वेगळं. दोन्ही नाती बाहेरून अगदी सारखी दिसतात, आणि म्हणूनच हा फरक कॉमिकने दाखवलाय याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आणि आता चार्लीचं ‘सॉरी’. हा मुलगा ऊठसूट सॉरी म्हणतो. धक्का लागला, सॉरी. रडू आलं, सॉरी. सॉरी म्हटल्याबद्दल सॉरी. वाचताना आधी हसू येतं, नंतर येत नाही. छळ आणि बेन या दोघांनी मिळून त्याला शिकवलंय की आपण असणं हाच लोकांना त्रास आहे. अशा मुलाला तुम्ही दहा वेळा ‘ओके ना?’ विचारलंत तरी तो अकरा वेळा ‘हो, ठीक आहे’ म्हणेल. कारण ‘नाही’ म्हटलं तर समोरचा निघून जाईल ही भीती.

मराठीत यासाठी एक भारी शब्द आहे: ‘चालेल’. चहा की कॉफी? काहीही चालेल. आज भेटायचं? चालेल. फोटो टाकू का आपला? ...चालेल. या ‘चालेल’मध्ये कधी मनापासूनचा होकार असतो, कधी कंटाळा आणि कधी चक्क भीती. शब्द एकच. म्हणून विचारलं की आपलं काम संपलं, असं होत नाही. ‘नाही’ म्हटल्यावरही हे नातं टिकेल, याची खात्री समोरच्याला आहे का, हेही बघावं लागतं. निक हे हळूहळू शिकतो. चार्ली नीट जेवत नाहीये हे त्याच्या लक्षात येतं आणि ‘मी ठीक आहे’ हे उत्तर तो तसंच खिशात टाकत नाही. पण आपल्या प्रेमाने सगळं बरं होईल असं मानून तो एकटाच डॉक्टर बनायलाही जात नाही. तो मोठ्यांशी बोलतो, चार्लीला आईवडिलांशी बोलायला मदत करतो. खाण्याच्या आजारावर उपचार घ्यायला चार्लीला हॉस्पिटलात राहावं लागतं. किस करून आजार पळाला, असं ओसमन यांनी दाखवलं नाही, थँक गॉड.

तक्रार करायचीच तर माझी वेगळी आहे. निक जरा जास्तच समजूतदार आहे. कधीतरी त्याने वैतागून काहीतरी वाकडं बोलावं आणि मग दोघांनी ते निस्तरावं, असं मला वाचताना वाटत राहिलं. विचारणं सोपं असतं तेव्हा सगळेच विचारतात. चिडलेलं असताना, मत्सर वाटत असताना विचारणं अवघड. तिथे कॉमिक थोडक्यात सुटतं. मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये मात्र एक सीन आहे, जो मी तीनदा पाहिला. बेन माफी मागायला येतो. आता सगळ्यांना सॉरी म्हणणारा आपला चार्ली विरघळणार, असं वाटतं. तो माफ करत नाही. आरडाओरडा नाही, सूड नाही, नुसतं ‘नाही’. चार्लीला ‘नाही’ म्हणता येऊ लागलंय, म्हणजे आता त्याच्या ‘हो’वरही विश्वास ठेवता येतो.

पडद्यामागे जे झालं ते मात्र वाईट होतं. निकचं काम करणारा किट कॉनर १८ वर्षांचा होता. तो एका अभिनेत्रीचा हात धरून चालताना दिसला, तेव्हा सोशल मीडियावर त्याला घेरण्यात आलं. तू नक्की कोण आहेस, ते सांग. क्विअर असल्याचं भासवून चाहत्यांना फसवतोयस का, हे सांग. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस त्याने एका छोट्याशा ट्विटमध्ये आपण बायसेक्शुअल असल्याचं सांगितलं. एका १८ वर्षांच्या मुलाला हे बोलायला भाग पाडल्याचा टोमणा मारला, काही जणांना ही मालिका कळलीच नाही असंही सुनावलं, आणि निरोप घेतला.

त्याला घेरणाऱ्यांमध्ये या मालिकेचे चाहतेही होते. म्हणजे निकला सांगायला वेळ मिळाला म्हणून ज्यांचे डोळे पाणावले असतील, तेच. हातात फोन आल्यावर मात्र त्यांना उत्तर आजच्या आज हवं होतं. असे मेसेज आपल्या ग्रुपवरही फिरतात: ‘तो तसा आहे का रे?’, ‘तिचं आणि तिचं काय चाललंय?’ खाली दहा स्मायली, एखादा स्क्रीनशॉट. ज्याच्याबद्दल चाललंय तो बहुतेक वेळा त्या ग्रुपमध्ये नसतो. आणि असलाच, तर तोही एक स्मायली टाकून गप्प बसतो. त्या स्मायलीचं भाषांतर आपण ‘चालेल’ असं करून टाकतो.