हसू न मागणारा विनोद

चिंतामण विनायक जोशी (1892–1963) हे बडोद्यात पाली शिकवणारे प्राध्यापक. बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा. पण मराठी घरांत ते शिरले चिमणरावांचा हात धरून. चिमणराव विनोद करायला जात नाहीत. साधंसं घरगुती काम ते पूर्ण गांभीर्यानं हाती घेतात आणि गोत्यात येतात. गुंड्याभाऊ मदतीला धावला की घोटाळा वाढतो. हसतो तो फक्त वाचक.

दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी उभी केली तेव्हाही तेच पथ्य पाळलं गेलं. आपण विनोदी आहोत याचा पात्रांना पत्ताच नाही!

द. मा. मिरासदारांची भोकरवाडी याच जातीची. तिथला नाना चेंगट किंवा बाबू पैलवान श्रोत्यांना हसवण्यासाठी बोलत नाही. त्याला आपलं म्हणणं खरोखरच पटलेलं असतं. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्यासोबत मिरासदारांनी कथाकथन गावोगावी नेलं, त्यात या भाबड्या ठामपणाचा वाटा मोठा होता.

अर्थात, सहज दिसणाऱ्या विनोदामागे कष्ट नसतात असं नाही. पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर एकट्यानं उभी करत. त्यासाठी पाठांतर, आवाजातले बदल आणि थांबायच्या जागा पक्क्या लागतात. प्रेक्षकाला मात्र गप्पा चालल्यात असंच वाटतं.

छोट्या पडद्यावर आज प्रत्येक वाक्यानंतर हशाचा आवाज जोडला जातो. या अंकातले लेख त्या आवाजाशिवाय वाचायचे आहेत.