कॉफीच्या मुळांतील गाठ आणि जबलपूरचा वाटाणा

जबलपूर : फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीचा भाव जागतिक बाजारात पौंडाला चार डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा चर्चा झाली ती ब्राझीलमधील दुष्काळाची. जमिनीतील उरलासुरला ओलावा ज्या मुळांनी शोषायचा, ती मुळेच तेथील अनेक मळ्यांत सूत्रकृमींनी ग्रासलेली असतात, ही बाजू मागे राहिली. जबलपूरच्या शिवारात कॉफी पिकत नाही. मध्य प्रदेशातील कॉफीसाठी बैतूल जिल्ह्यातील कुकरूच्या ब्रिटिशकालीन बागेत जावे लागते, किंवा डोंगर ओलांडून महाराष्ट्रातील चिखलदऱ्याला. तरीही वाटाण्याचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जबलपूरने कॉफीच्या या आजाराकडे लक्ष द्यावे, याला कारण आहे. कॉफीच्या मुळांवर गाठी आणणारा सूत्रकृमी ज्या कुळातला, त्याच कुळातील प्रजाती वाटाणा, टोमॅटो, वांगी आणि पेरूच्या मुळांवर जगतात.

किंबहुना या कुळाला नाव मिळाले तेच कॉफीमुळे. रिओ दि जानेरो प्रांतातील मळे वाळू लागल्यावर एमिल गोल्डी या निसर्गशास्त्रज्ञाने १८८७ च्या अहवालात त्याचे कारण मुळांतील सूक्ष्म कृमींत शोधले आणि त्यांना ‘मेलॉयडोगायनी एक्झिग्वा’ असे नाव दिले. कृमीची अळी मुळाच्या टोकातून आत शिरते आणि तेथील काही पेशींना फुगवून आपले अन्नकोठार बनवते. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत हे चक्र साधारण महिनाभरात पूर्ण होते. हंगामी पिकात शेतकरी फेरपालट करू शकतो. कॉफीचे झाड मात्र वीस-तीस वर्षे एकाच जागी उभे असते. लागवडीच्या दिवशी केलेली निवड पुढे बदलता येत नाही, म्हणूनच प्रतिकारक वाणाचा शोध कॉफीत इतका निकडीचा ठरला.

हा प्रतिकार सापडला तो तिमोर बेटावर. तेथे अरेबिका आणि रोबस्टा यांचा नैसर्गिक संकर झाला होता. तांबेरा रोगाला तोंड देणारे झाड म्हणून जगभरच्या पैदासकारांनी तो उचलला. आपल्याकडील ‘कावेरी’ वाणही त्याच वंशातला. या संकरातून रोबस्टाचे एक जनुक अरेबिकात आले होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याची ओळख ‘मेक्स-१’ अशी पटली. या जनुकामुळे एक्झिग्वा प्रजातीची अळी मुळात शिरली तरी तिचे बस्तान बसत नाही.

मात्र हे जनुक फक्त एक्झिग्वालाच अडवते. ब्राझीलच्या पराना राज्यातील मळे उद्ध्वस्त करणारी ‘पॅरानेन्सिस’ ही प्रजाती १९९६ पर्यंत वेगळी म्हणून ओळखलीच गेली नव्हती. तिला ‘इनकॉग्निटा’ समजले जाई. या दोन्हींपुढे मेक्स-१ निष्प्रभ ठरते. शिवाय मेक्स-१ला दाद न देणाऱ्या एक्झिग्वाच्या काही समूहांचीही नोंद ब्राझीलमध्ये झाली आहे. त्यामुळे तेथे रोबस्टाच्या खुंटावर अरेबिकाचे कलम करण्याचा जुना मार्ग अजून टिकून आहे. कर्नाटकातही तोच मार्ग सुचवला जातो. मात्र आपल्या कॉफीचा मुख्य शत्रू मुळांवर गाठी नव्हे, तर जखमा करणारा ‘प्रॅटिलेंकस’ हा वेगळा सूत्रकृमी आहे.

टोमॅटोचा अनुभव याहून वेगळा नाही. त्यातील ‘एमआय-१’ हे जनुक जगभर वापरले जाते. पण जमिनीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की त्याचा प्रभाव ओसरतो. तमिळनाडूत २०१६ मध्ये पेरूवर आढळलेली आणि रोपांबरोबर पसरत गेलेली ‘एंटरोलोबी’ प्रजाती तर त्या जनुकालाही जुमानत नाही. दुसरीकडे औषधांचा आधार कमी होत आहे. फोरेटवर डिसेंबर २०२० अखेरपासून बंदी आहे, आणि कार्बोफ्युरानची दाणेदार ३ टक्के वगळता अन्य रूपे २०२३ च्या आदेशाने बाद झाली. विषारीपणा पाहता हे निर्णय योग्यच होते. पण त्यांच्या जागी छोट्या शेतकऱ्याच्या हाती काय द्यायचे, याचा विचार तेवढ्या तत्परतेने झालेला दिसत नाही.

जबलपूरकडे एकेकाळी याचे एक उत्तर होते. ‘हवेली’ पद्धतीत शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी महिनोन्‌महिने साठवत आणि ते सोडून दिल्यावर गहू-हरभरा पेरत. हेतू ओलाव्याचा आणि तणनियंत्रणाचा असे. परंतु साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो आणि यजमान मुळेही नसतात, त्यामुळे सूत्रकृमींचाही बंदोबस्त होत असावा, असे मानायला जागा आहे. सोयाबीन आले आणि हवेली आकसत गेली. या सोयाबीनच्या प्रसारात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा मोठा वाटा होता. आता आगाप वाटाण्याला चढा भाव मिळतो, म्हणून जमीन अजून उबदार असतानाच पेरणी होते, आणि कोवळ्या मुळांना अळ्या गाठतात त्या नेमक्या याच काळात. थंडी वाढली की त्यांची हालचाल मंदावते. उशिरा पेरा, असा सल्ला देणे सोपे आहे. भावातील फरक मात्र शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.

वाटाण्यात आणखी एक फसगत होते. नत्र साठवणाऱ्या उपयुक्त गाठीही मुळांवरच असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सहज निघतात आणि कापल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचीच सूज, ती मूळ तुटल्याशिवाय निघत नाही. शेंगा तोडून झाल्यावर वेल उपटून एवढे पाहिले, तर पुढच्या हंगामात त्या शेतात टोमॅटो लावायचा की गहू, हे वेळेत ठरवता येते. रोपवाटिकेतील पेरू आणि भाजीपाल्याची रोपे विकण्यापूर्वी त्यांची मुळे धुऊन तपासणे हे मात्र एकेका शेतकऱ्याच्या आवाक्यातले काम नाही. ते कृषी विभागाने सक्तीचे करायला हवे.