शॉवरचे हँडल बदलायला भिंत कशाला फोडायची?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटमधले बाथरूम आठवा. शॉवरच्या नळाचे क्रोम उडालेले, हँडल सैल, बंद केले तरी नळ टिपकतोच. प्लंबर येतो, टाइलवर बोटाने टकटक करतो आणि सांगतो, ‘कन्सिल्ड आहे, फोडावं लागेल.’ मग टाइल्स, वॉटरप्रूफिंग, गवंड्याची मजुरी आणि आठवडाभर घरभर धूळ. बऱ्याच वेळा यातले काहीच करण्याची गरज नसते. जिथे ती खरोखरच असते, तिथे दोष प्लंबरचा कमी आणि जुन्या नळांचे सुटे भाग बाजारातून गायब होऊ देणाऱ्या कंपन्यांचा जास्त आहे.

भिंतीच्या आत नेमके काय असते?

आपण ज्याला सरसकट ‘डायव्हर्टर’ म्हणतो, त्याचे दोन भाग असतात. एक भिंतीत गाडलेली पितळी बॉडी. तिला गरम आणि गार पाण्याचे पाइप जोडलेले असतात आणि तिच्यातून एक वाट वर शॉवरला, दुसरी खाली नळाला किंवा टबाला जाते. दुसरा भाग बाहेर दिसणारा : हँडल, गोल किंवा चौकोनी प्लेट, बटण. दुकानदार याला ‘एक्स्पोज्ड पार्ट’ किंवा ‘अप्पर ट्रिम’ म्हणतात. या दोहोंच्या मध्ये, बॉडीत वरून बसवलेले असते कार्ट्रिज. एकमेकींवर सरकणाऱ्या दोन सिरॅमिक चकत्या पाणी सोडतात, थांबवतात, गरम-गार मिसळतात. एक लिव्हर असलेल्या नळांत हे कार्ट्रिज बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटर व्यासाचे असते. त्याहून जुन्या, दोन चाव्यांच्या नळांत त्याच जागी स्पिंडल आणि रबरी वॉशर.

झिजते ते कार्ट्रिज, वॉशर आणि ओ-रिंग. खराब दिसते ते ट्रिम. पितळी बॉडी चांगल्या दर्जाची असेल तर तिला सहसा काही झालेले नसते, आणि हे तिन्ही भाग समोरूनच निघतात.

मग फोडायचे केव्हा?

पाणी कुठून येते ते आधी बघा. नळाच्या तोंडातून टिपकत असेल तर कार्ट्रिज. शॉवर आणि नळ एकाच वेळी वाहत असतील तर डायव्हर्टरचे बटण किंवा त्याची सील. दोन्ही कामे भिंतीला हात न लावता होतात. पण खालच्या मजल्यावरच्या छताला किंवा पलीकडच्या खोलीच्या भिंतीला ओल येत असेल, तर बॉडीच्या किंवा पाइपच्या जोडावर शंका घ्यायला हवी. तिथे नवी चकचकीत प्लेट बसवणे म्हणजे आजारावर पावडर लावणे. (एक अपवाद : प्लेटमागची सील गेल्याने अंघोळीचे पाणी आत झिरपूनही ओल येते. तेवढेच असेल तर सिलिकॉन पुरते.)

ही ओल हलक्यात घेऊ नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाथरूम-सिंकच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा असतो, संस्थेचा नाही. वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांचे बोलणे बंद होते ते बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणूनच चांगली भिंत विनाकारण फोडणेही धोक्याचे. वॉटरप्रूफिंगचा थर एकदा तुटला की तो पहिल्यासारखा जोडणे कठीण, आणि पंधरा वर्षांपूर्वीची टाइल बाजारात मिळणे त्याहून कठीण.

बॉडी बदलायचीच असेल तर मागची बाजू पाहा. पलीकडे बेडरूम किंवा पॅसेज असेल तर तिकडून प्लास्टर फोडून काम होऊ शकते. टाइल्स वाचतात, मागे फक्त प्लास्टर, पुट्टी आणि रंग उरतो. प्लंबर हा पर्याय स्वतःहून फारसा सांगत नाहीत, विचारावा लागतो.

हे काम करतात कसे?

आधी गीझरचे बटण बंद, मग बाथरूमची दोन्ही लाइन बंद, मग नळ उघडून उरलेले पाणी सोडून द्यायचे. हँडलवरच्या लाल-निळ्या बटणाखाली किंवा बाजूच्या बारीक छिद्रात स्क्रू असतो, तो बहुधा अ‍ॅलन की लावून निघतो. मग प्लेट, मग कार्ट्रिज दाबून ठेवणारा नट. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत हा नट क्षाराने जाम झालेला असतो. तिथे जोर लावण्याआधी व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवावे. बॉडी पिरगळली तर आतला जोड तुटतो आणि मग खरोखरच भिंत फोडावी लागते.

निघालेले कार्ट्रिज खिशात घालून दुकानात जा. व्यास, तळाच्या छिद्रांची जागा आणि खालच्या खुंट्या, तिन्ही जुळले पाहिजेत. नुसते ‘चाळीसचे द्या’ म्हणून चालत नाही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली असेल तर बॉडी तेवढी आत जाते आणि नव्या ट्रिमचे हँडल तिच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी एक्स्टेन्शन लागते. ते त्या मॉडेलसाठी मिळते का, हे ट्रिमचे पैसे देण्याआधी विचारा.

खरी अडचण कुठे आहे?

इथपर्यंत सगळे सोपे वाटते. अडते ते पुढे. प्रत्येक कंपनीची बॉडी वेगळी, हँडलच्या दांड्यावरच्या खाचा वेगळ्या. एका कंपनीचे ट्रिम दुसरीच्या बॉडीवर बसत नाही. पुष्कळदा एकाच कंपनीच्या जुन्या बॉडीवर नव्या मालिकेचेही बसत नाही. मालिका बंद झाली की शंभर-दोनशे रुपयांच्या सीलसाठी अख्खी भिंत फुटते.

याच बाथरूममधला अँगल कॉक बघा. अर्धा इंची पाइपचा आटा प्रमाणित आहे, म्हणून कोणत्याही कंपनीचा कॉक कोणत्याही घरात बसतो. जी वस्तू हाताने फिरवून पाच मिनिटांत बदलता येते तिला प्रमाण आहे आणि जी वीस वर्षांसाठी सिमेंटमध्ये गाडली जाते तिच्या दर्शनी भागांना नाही. इंजिनीअरिंग शिकलेल्या कुणालाही हे उलटे वाटेल.

अमेरिकेत टबाच्या शॉवरचा व्हॉल्व्ह असाच भिंतीत असतो. तिथेही सगळे आलबेल नाही, दोन-तीन चाव्यांचे जुने व्हॉल्व्ह लोकांना छळतातच. पण मोएन कंपनीचे १२२५ क्रमांकाचे कार्ट्रिज काही दशकांपूर्वीच्या नळांसाठी आजही विकले जाते. डेल्टाच्या ‘मल्टिचॉइस’ बॉडीवर तर साधे किंवा तापमान स्थिर राखणारे, कंपनीचे वेगवेगळे ट्रिम बसते. बॉडी तीच राहते, मालकाची हौस बदलली की फक्त वरचा भाग बदलतो.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब, ग्राहकोपयोगी टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्यातली क्षेत्रे. भिंतीत गाडलेल्या नळाचा त्यात वेगळा विचार नाही. तो व्हायला हवा. सगळ्यांनी एकच डिझाइन वापरावे, अशी मागणी कंपन्या फेटाळतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. मग निदान दोन गोष्टी कराव्यात. बॉडीवर, प्लेट काढल्यावर दिसेल अशा जागी, मॉडेल क्रमांक कोरावा. आणि वॉरंटीची वर्षे खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापतात, तशीच सुटे भाग किती वर्षे मिळतील तेही छापावे.

बिल्डरचे काय?

महाराष्ट्रातील रेराच्या आदर्श करारात सॅनिटरी फिटिंग्जचा ब्रँड किंवा किमतीचा टप्पा परिशिष्टात लिहिण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात तिथे ‘नामांकित कंपनीचे किंवा समतुल्य’ एवढे लिहून भागवले जाते. रेरा कायद्यातील दोषदुरुस्तीची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची. डायव्हर्टर कुरकुरायला लागतो तो बहुधा त्यानंतर, आणि तोवर भिंतीत काय आहे हे सांगणारे कुणी उरलेले नसते. ताबा घेताना मॉडेल क्रमांकांसह फिटिंग्जची यादी मागा. एका पानाचे काम आहे.

सध्या बाथरूमचे काम चालू असेल तर टाइल लागण्याआधी उघड्या बॉडीचा आणि पाइपांचा टेप धरून फोटो काढा, खोक्यावरचे लेबल कापून घ्या आणि दोन्ही फ्लॅटच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा. मोबाइल तीन वर्षांत बदलतो, त्यामुळे फोटोची छापील प्रतही काढून ठेवलेली बरी.