आयव्हीला गोवा नको, भंडारदरा हवा!

पाचवीत असताना मी ‘ऑटम’ या विषयावर निबंध लिहिला होता. इंग्लिशमधून, अर्थातच. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी आठवड्यातून चार तास, आणि ते चार तासही जास्त होतात असं आम्हा मुलींचं ठाम मत होतं. निबंधात मी लिहिलं होतं की ऑटममध्ये झाडांची पानं लाल आणि सोनेरी होतात, गळून पडतात, आणि आम्ही मुलं त्या पानांवरून चर्र चर्र आवाज करत चालतो. सिस्टरनी दहापैकी आठ मार्क दिले. मी ठाण्यात राहत होते. ऑक्टोबरमध्ये आमच्या बिल्डिंगखाली असायचा तो चिखल आणि डास. लाल पान मी आजतागायत पाहिलेलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या ऑक्टोबरमधला एक शनिवार-रविवार. (ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूममेटने तपासलं आहे. तरी चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या.)

तर झालं असं. युनिट टेस्ट संपली होती, सबमिशनला अजून अवकाश होता, मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दुधी होता. रूममेट अकोले तालुक्यातली. तिची आत्या शेंडीजवळच्या आश्रमशाळेत शिक्षिका आहे. कोजागिरी शनिवारीच येत होती. आम्ही चौघींनी रेक्टर मॅडमकडे रात्रभर बाहेर राहायची परवानगी मागितली. मुलांच्या होस्टेलमध्ये असली परवानगी रजिस्टरवर सही करून मिळते. आम्हाला आधी आत्याचा फोन, मग चौघींच्या घरून चार फोन, मग आत्याचा पुन्हा एक फोन असं सगळं पार पाडावं लागलं. यावर वेगळा लेख होईल, तो पुढच्या अंकात.

नाशिकहून एसटीने घोटी, घोटीहून जीपने शेंडी. सगळं मिळून सत्तरएक किलोमीटर. घोटी सोडल्यावर रस्ता वळतो आणि कळसूबाई दिसायला लागते, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. मी खिडकीतून बघत होते आणि डोक्यात तो निबंध. कारण लाल नाही, सोनेरी नाही, एक पान गळत नव्हतं! सगळीकडे हिरवं, आणि त्या हिरव्यावर पिवळ्या रंगाचे थरच्या थर. “सोनकी!” मी ज्ञान पाजळलं, कारण आदल्या रात्री मोबाइलवर वाचलं होतं. जीपमधल्या एक मावशी हसल्या. “सोनकी तिकडं वर, डोंगराला. ही खुरासणी हाय. तेल काढतात हिचं.” भाताची खाचरं पिकायला आली होती आणि वासाने जीप भरून गेली होती. आपल्याकडे शरद ऋतू हा भरलेला ऋतू असतो. पाऊस नुकताच गेलेला, आकाश धुतलेलं, पाणी काठोकाठ. पानगळ होते ती शिशिरात, फेब्रुवारी-मार्चमध्ये. हे मला विसाव्या वर्षी कळलं. हसा!

पण हा प्रवासवर्णनाचा लेख नाही. मला एक मुद्दा मांडायचा आहे, आणि त्यासाठी धरणाजवळ जावं लागेल.

मी सिव्हिल टी.ई.ची विद्यार्थिनी. ‘ग्रॅव्हिटी डॅम’ हा प्रश्न आम्हाला हमखास येतो. आकृती पाठ आहे: एक बाजू उभी, एक बाजू तिरकी, पाण्याचा जोर असा, वजन असं, आणि दोघांची बेरीज तळाच्या मधल्या तिसऱ्या भागातच पडली पाहिजे, म्हणजे दगडी बांधकामात ताण येत नाही. मी ही आकृती किमान पंधरा वेळा काढली असेल. पेन्सिलने, स्केलने, चौकटीत. धरण मात्र एकदाही जवळून पाहिलं नव्हतं, जसं लाल पान पाहिलं नव्हतं. आमचा सगळा अभ्यासच त्या ‘ऑटम’च्या निबंधासारखा चालू होता, आणि मार्कही साधारण तितकेच पडत होते.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. लेस्ली विल्सन तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव दिलं. ८२ मीटर उंच, सगळं दगडी. खालच्या बागेत उभं राहून वर पाहिलं की मान दुखते. मागे पाणी किती? ११ टीएमसी. सांडव्याच्या बाजूला तो प्रसिद्ध अंब्रेला फॉल आहे, पाणी सोडलं की छत्रीसारखा पसरतो. तिथे फोटोवाल्यांची ही गर्दी. आम्हीही काढले, खोटं कशाला बोलू. मग मी भिंतीकडे बघत बसले आणि पहिल्यांदा घाबरले. ८० मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ८० टन! हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं आणि उत्तराखाली दोन रेघाही मारल्या होत्या. तेव्हा अंगावर काटा आला नव्हता.

आम्ही राहिलो ते तलावाकाठच्या एका वाडीत, आत्याच्या एका विद्यार्थिनीच्या घरी. संध्याकाळी पडवीत तिचे आजोबा बसले होते, सगळे त्यांना आबा म्हणतात. आत्याने ओळख करून दिली, ही धरणाचं इंजिनिअरिंग शिकते म्हणून. (मी मनात म्हटलं, आत्या, प्लीज!)

“मंग तुला ठावं असंल,” आबा म्हणाले, “भिताडाला खालून टेकू का दिल्यात ते.”

मला ‘ठावं’ नव्हतं. पुस्तकात भंडारदऱ्याचा एका ओळीत उल्लेख होता आणि तो मी ऑप्शनला टाकला होता. मग आबांनी सांगितलं. १९६९ साली धरणाला तडे गेले, पाणी झिरपायला लागलं. खालच्या गावांचा जीव टांगणीला. मग केबल्स ताणून भिंत आवळली आणि मागच्या बाजूने मोठमोठे टेकू बांधले. आपल्या भाषेत बट्रेस. सत्तरीच्या दशकात ते काम चाललं तेव्हा आबा सोळा-सतरा वर्षांचे होते आणि तिथे रोजंदारीवर खडी वाहत होते. मजुरी किती, मुकादम कसा, पाळी कधी सुटायची, सगळं सांगितलं. मी मध्येच ‘अपलिफ्ट प्रेशर’ म्हणाले. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी मराठीत सांगायला गेले आणि अडकले. शेवटी म्हटलं, “पाणी भिंतीच्या पोटात शिरतं आणि तिला खालून वर उचलायला बघतं.” आबा म्हणाले, “आस्सं. मंग भित हलकी व्हती.” अगदी बरोबर! भिंतीचं वजन हाच तिचा सगळा भरवसा, आणि अपलिफ्ट तोच कमी करतो. आमच्या वर्गात हे एका दमात कळलेला कुणी मला माहीत नाही.

रात्री मसाला दूध झालं. चंद्र पाण्यात पडला होता, समोर रतनगडाची काळी रेघ. पलीकडच्या काठावर तंबूंची रांग, आणि तिथून स्पीकरचा धडधडाट थेट आमच्यापर्यंत येत होता. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. एक गाणं तर माझ्याच प्लेलिस्टमधलं. गेल्या वर्षी आम्ही क्लासच्या ट्रिपला दुसऱ्या एका तलावावर हेच केलं होतं, आणि काठावर कुणीतरी आजोबा झोपायचा प्रयत्न करत असतील हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सकाळी आजींनी नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. मी भांडी धुवायला पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, आत्ता काय, आत्ता पाणीच पाणी, एप्रिलात ये. एप्रिलमध्ये विहीर आटते. मग त्या डोंगरातल्या झऱ्यावर जातात. वाट दाखवली मला, चढाची. डोक्यावर दोन हंडे, दिवसाला दोन खेपा. इथून जवळच घाटघर आहे, ज्याला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर). इतका पाऊस, समोर एवढा तलाव, आणि हंडा डोक्यावर! पाणी प्रवरेतून निळवंड्याला, तिथून पुढे कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे उसाला जातं. वाटणीच्या हिशोबात बसलं तर जायकवाडीलाही. खाली प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचं केवढं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. त्यातलं काही खोटं नाही. त्या पाण्याने लाखो लोकांचं घर चालतं आणि धरण नको असं आबाही म्हणत नाहीत. त्यांची शेतं मात्र त्या पाण्याखाली आहेत. आबांच्या वडिलांनी सांगितलेल्या बांधांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.

परत येताना जीपमध्ये मी जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब केला. ११ टीएमसी म्हणजे सुमारे ३१ हजार कोटी लिटर. एक हंडा १५ लिटरचा धरा. पुढचा भागाकार केलाच नाही.

आता मुद्दा. दरवर्षी टी.ई.ची इंडस्ट्रियल व्हिजिट निघते. गेल्या वर्षीची मी पाहिली आहे, कारण सीनिअर्सबरोबर आम्हा काही जणींना नेलं होतं. पाच दिवस, माणशी साडेसहा हजार. त्यात कारखान्यात किती वेळ? चाळीस मिनिटं. एका हॉलमध्ये बसवलं, प्रोजेक्टरवर कंपनीची फिल्म दाखवली, बिस्किटं दिली, सर्टिफिकेटवर शिक्का. उरलेले दिवस गोवा. नंतरचा रिपोर्ट तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवरून उतरवलेला. हे मला कसं माहीत? त्यात कारखान्याचं नावसुद्धा जुनंच राहिलं होतं, आणि तो तपासून सही होऊन परत आला. सरांनी राग मानू नये. आम्हीही उतरवणाऱ्यांतच होतो.

गोव्याशी माझं भांडण नाही. गोव्याला जरूर जा, सुट्टीत जा, आपल्या पैशाने आणि गोवा म्हणूनच जा. पण आयव्ही म्हणून जायचं तर भंडारदऱ्याला जाऊ या. तिथे काय नाही? शंभर वर्षांचं दगडी धरण, त्याचा आजार आणि त्यावरचा इलाज, सगळं एका नजरेत. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, घाटघरला २५० मेगावॉटचा पंप्ड स्टोरेज प्रकल्प आहे, भूमिगत पॉवरहाउससकट. मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी वर चढवतात आणि संध्याकाळी सोडून वीज करतात. वरचं धरण अहिल्यानगर जिल्ह्यात, खालचं माझ्या ठाणे जिल्ह्यात, मध्ये सह्याद्रीचा कडा. ही दोन धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची आहेत, आणि ते तंत्र आपल्या देशात याच प्रकल्पात पहिल्यांदा वापरलं गेलं. ते बघून झालं की रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर, चुन्याशिवाय दगडात दगड बसवलेलं. मी तिथे अर्धा तास नुसती सांध्यांवरून बोटं फिरवत होते, मैत्रिणी वैतागल्या.

शंका मला माहीत आहेत. परवानगी मिळेल का? धरणाच्या माथ्यावर आणि पॉवरहाउसमध्ये कुणालाही सोडत नाहीत, बरोबरच आहे. पण कॉलेजच्या लेटरहेडवर आधी पत्र गेलं तर निदान विचारता येतं, आणि ते काम कारखान्याच्या शिक्क्यापेक्षा अवघड नसावं. मुलं पाण्यात उतरतील? नाही उतरायचं. हा नियम पहिल्या ओळीत, आणि जो मोडेल त्याला पुढच्या एसटीने घरी. मजा येणार नाही? कोजागिरीच्या दुधाचा अनुभव मी वर लिहिलाच आहे.

माझं म्हणणं इतकंच की ऑक्टोबरमध्ये जावं. पाऊस थांबलेला असतो, धरण भरलेलं असतं, गळती कुठे आहे ते भिंतीवर ओलं दिसतं. आणि जावं गुरुवार-शुक्रवारी. शनिवारी तिथे आधीच पुरेशी माणसं असतात. तीसपेक्षा जास्त जण नकोत. राहायचं वाडीत, जेवणाचे पैसे तिथेच द्यायचे. स्पीकर होस्टेलवर ठेवायचा. आणि दुसरी एक छोटी बॅच एप्रिलमध्ये न्यायची, झऱ्याची वाट मोजायला. त्या वाडीला झऱ्यापासून पाइप टाकायचा तर उतार किती, टाकी कुठे, खर्च किती, हे आमच्या बी.ई. प्रोजेक्टमध्ये सहज बसतं. सध्या आमची प्रोजेक्ट्स नाशकात बाइंडिंगच्या दुकानात तयार मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

मी हे एच.ओ.डी. सरांकडे बोलले. सर आधी हसले, मग म्हणाले, “पंचवीस नावं आण आणि खर्चाचा कागद आण, मग बघू.” खर्चाचा कागद झाला: एसटी, जीप, दोन मुक्काम आणि जेवण धरून माणशी अठराशे रुपये. यादी मुलींच्या होस्टेलमध्ये वॉटर कूलरच्या शेजारी लावली आहे, मुलांसाठी कॅन्टीनच्या काउंटरवर. अंक छापायला जाईपर्यंत सतरा नावं झाली आहेत. त्यात एक कॉम्प्युटरचं आहे. तो फक्त मसाला दुधासाठी येतोय असं म्हणाला, तरी मी खोडलेलं नाही.