आपण उपासनेला येतो की कार्यक्रम बघायला?



"चर्चमध्ये हल्ली मन लागत नाही. गीतं तीच, उपदेश लांबलेला. त्यापेक्षा घरी मोबाईलवर चांगला संदेश ऐकावा." आपल्या सीमाभागातल्या मराठी मंडळ्यांत हे बोलणे आता सर्रास ऐकू येते. आम्ही पाळक नाही. दर रविवारी खुर्च्या मांडणारी, गीतपुस्तके वाटणारी माणसे आहोत. पण दारात उभे राहून कोण आले आणि कोण यायचे थांबले, हे आम्ही पाहतो. म्हणून या बोलण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा रविवारी ड्यूटी असलेल्यांना मोबाईल हा आशीर्वादच आहे. आमचे म्हणणे धडधाकट असून घरी बसणाऱ्यांविषयी आहे. इब्री लोकांस पत्राच्या 10 व्या अध्यायात एकत्र मिळणे सोडू नका, असे सांगितले आहे. त्याच्या आधीचे, 24 वे वचन आपण विसरतो. प्रीती आणि सत्कर्मे यांसाठी एकमेकांना उत्तेजन कसे देता येईल, याचा विचार करा, असे ते शिकवते. म्हणजे "मला काय मिळाले?" हा प्रश्नच चुकीचा आहे. मोबाईलवर संदेश ऐकता येईल, पण शेजारच्या बाकावर एकट्या बसलेल्या विधवा बहिणीचा हात हातात घेता येणार नाही.

इ.स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला ख्रिस्ती लोकांविषयी पत्र लिहिले. हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत गातात, वाईट न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा जमून साधे अन्न खातात, असे त्यात आहे. माहिती काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीतल्या सेविका होत्या. रविवारची सुटी तर सम्राट कॉन्स्टंटाईनने 321 साली दिली. तोवर तो कामाचाच दिवस होता. ना माईक, ना कीबोर्ड, वर जिवाची भीती. तरी ते जमत, कारण मध्यभागी ख्रिस्त होता. आपल्याला सुटी आहे, छप्पर आहे, आणि तरी कंटाळा येतो!

पण दोष फक्त घरी बसणाऱ्यांचा नाही. करिंथच्या मंडळीला पौलाने सुनावले की, तुमच्या जमण्याने हित नव्हे, हानी होते. तिथे काही जण पोटभर खात आणि काही उपाशी राहत. आपल्याकडे काय चालते? पाहुण्यांना शाल-श्रीफळ, पुढच्या रांगा प्रतिष्ठितांसाठी, लांबलचक सूचना, कमिटीची भांडणे. सत्काराला वीस मिनिटे आणि आजाऱ्यांसाठीच्या प्रार्थनेला दोन, असे असेल तर तरुणांनी का यावे? ख्रिस्ताला बाजूला सारून भरवलेला मेळावा गजबजलेला असेल, आनंदी नसेल.

पौलाने करिंथकरांना उपाय साधाच सांगितला: एकमेकांसाठी थांबा. "दोघे किंवा तिघे" हे वचनही आपण हजेरी कमी असली की समाधानासाठी वापरतो. पण मत्तय 18 उघडून पाहा. प्रभू तिथे अपराधी भावाला परत मिळवण्याविषयी बोलत आहे. त्याच्या नावाने जमणे म्हणजे तुटलेले जोडायला जमणे. आनंद तिथेच आहे, आणि तो घरी बसून मिळत नाही.

म्हणून येत्या रविवारी दहा मिनिटे आधी या. नेहमीची जागा सोडा आणि जो एकटा बसला आहे त्याच्याजवळ बसा. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला प्रभुभोजनाआधी "सलाम" म्हणा. जो यायचा थांबला आहे त्याच्या घरी शनिवारीच जा. कमिटीतल्या बंधूंनो, सत्कार आवरा आणि प्रार्थनेला वेळ द्या. खुर्च्या आम्ही मांडून ठेवतो.

प्रभू येशू तुम्हा-आम्हाला एकत्र राखो. आमेन.