भयाचा व्यापार आणि घरचा पहारा

आमच्या सिडको वसाहतीत एक निवृत्त शिक्षक राहतात. आयुष्यभर गणित शिकविलेले, हिशेबात काटेकोर, कोणाचे चार आणेही अंगावर न ठेवणारे. एके सकाळी त्यांना एक ईमेल आला. त्यांच्या संगणकावरील अँटीव्हायरसचे वार्षिक नूतनीकरण झाले असून २९,९९९ रुपये खात्यातून वळते होत आहेत. व्यवहार मान्य नसल्यास २४ तासांच्या आत सोबतच्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, असा त्यातील मजकूर. गुरुजींनी असा अँटीव्हायरस कधी विकत घेतलाच नव्हता. तरीही त्यांनी घाईघाईने तो क्रमांक फिरविला.

पलीकडचा आवाज अत्यंत अदबशीर होता. रक्कम परत करण्यासाठी म्हणून त्याने एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला, गुरुजींना बँकेचे पान उघडायला सांगितले आणि काही क्षण पडदा काळा झाला. पुन्हा उजेड झाला तेव्हा खात्यात २,९९,९९० रुपये जमा झालेले दिसत होते. चुकून एक शून्य जास्त पडले, आता माझी नोकरी जाईल, असे म्हणत तो तरुण रडू लागला. गुरुजींनी वरची रक्कम तत्काळ परत पाठविली. वास्तविक खात्यात एक पैसाही आलेला नव्हता. पडद्यावरचे आकडे तेवढे बदललेले होते. गेले ते गुरुजींचे स्वतःचे पैसे. चार दिवस त्यांनी ही गोष्ट पत्नीलाही सांगितली नाही.

या घटनेकडे केवळ एका वृद्धाच्या अज्ञानाचे उदाहरण म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. गुरुजी लोभाने फसले नाहीत. आधी भयाने आणि मग स्वतःच्या प्रामाणिकपणाने फसले. जो मनुष्य दुसऱ्याचा पैसा क्षणभरही स्वतःजवळ ठेवू इच्छित नाही, नेमका तोच या जाळ्यात अलगद सापडतो.

आपल्या शहरापासून हाकेच्या अंतरावर देवगिरीचा दुर्ग उभा आहे. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी त्याच्या पायथ्याशी आला, तेव्हा त्याने पहिले शस्त्र वापरले ते अफवेचे. आपले सैन्य ही केवळ आघाडी आहे, मागून दिल्लीची मोठी फौज येत आहे, अशी हूल त्याने उठविली. घाईघाईने गडावर चढविलेली धान्याची पोती प्रत्यक्षात मिठाची निघाली, असे फिरिश्ताने लिहून ठेवले आहे. तट अभेद्य होता. पण बातमी पारखली गेली नाही आणि पोती उघडून पाहिली गेली नाहीत. सातशे वर्षांनंतरही फसवणुकीची रीत तीच आहे: आधी भय, मग घाई आणि शेवटी न तपासलेले पोते.

यावरून सगळेच अँटीव्हायरस म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. हा प्रामाणिक उद्योगही आहे आणि त्यात मराठी माणसाचे कर्तृत्व आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात दुरुस्तीचे छोटे दुकान चालविणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी ‘क्विक हील’ उभे केले. भामटे फायदा उठवितात तो अशाच कमावलेल्या विश्वासाचा. विंडोज प्रणालीत तर २०१२ पासून अँटीव्हायरस मुळातच अंतर्भूत आहे आणि केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य दिली आहेत. तेव्हा आजच पैसे भरले नाहीत तर सर्वनाश होईल, असे सांगणारा ईमेल आला की तिथेच थबकावे.

असा ईमेल ओळखणे अवघड नाही. पाठविणाऱ्याचे नाव मोठ्या कंपनीचे असते, पण नावावर टिचकी मारून खरा पत्ता पाहिला तर तो एखाद्या फुकटच्या मेलसेवेचा किंवा एखादे अक्षर बदललेला निघतो. संबोधनात आपले नाव नसते. पुष्कळदा त्यात दुवाही नसतो. असते ती जोडलेली पावती आणि त्यावर ठळक क्रमांक, कारण खरा सापळा त्या क्रमांकावरच लावलेला असतो. आणखी एक कसोटी आपल्याच देशाच्या नियमात आहे. कार्डावरून आपोआप होणाऱ्या नूतनीकरणासाठी किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यावी, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०२१ पासून लागू झाला. बँकेची सूचना नाही आणि खातेपुस्तकात नोंदही नाही, तर ती पावती खोटीच समजावी.

मग करावे काय? उत्तर देऊ नये, क्रमांक फिरवू नये, पावती उघडू नये. अँटीव्हायरसची मुदत पाहायची असेल तर तो प्रोग्रामच उघडून पाहावी. संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती देणारे ‘एनीडेस्क’सारखे प्रोग्राम अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कदापि उतरवू नयेत, त्याविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. आणि घात झालाच, तर प्रथम इंटरनेट तोडावे, कार्डामागील क्रमांकावरून बँकेला कळवावे, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी तो गोठविता येतो. म्हणून पहिले काही तास लाखमोलाचे. ग्राहकाच्या चुकीने नुकसान झाले तरी बँकेला कळविल्यानंतरच्या नुकसानाची जबाबदारी बँकेची, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात आहे. गुरुजींचे चार दिवस म्हणूनच सर्वांत महाग पडले. ते चार दिवस भामट्याने नव्हे, लाजेने घेतले.

याची दुसरी बाजू अधिक क्लेशकारक आहे. तो रडणारा तरुण कोण होता? २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा करअधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकन नागरिकांना लुबाडणारे शेकडो तरुण-तरुणी तेथे आढळले. २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र–२’मध्ये संगणकसाहाय्याच्या नावाने परदेशी नागरिकांना फसविणाऱ्या केंद्रांवर कारवाई केली. ही आपल्याच घरांतील शिकलेली मुले होती. पगार कशाचा मिळतो, हे त्यांना विचारणारे घरात कोणी नव्हते काय? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड हे कलम अशा तोतयेगिरीला तीन वर्षांपर्यंत कारावास सांगते. पण कायदा पोहोचतो तो गुन्हा घडल्यानंतर. त्याआधी पोहोचावे लागते ते घराने.

म्हणून कार्यकर्त्यांना एक विनंती. आपल्या वस्तीतील ज्येष्ठांकडे पुढच्या वेळी जाल, तेव्हा त्यांच्या संगणकावर १५ मिनिटे बसा. हे सारे त्यांना दाखवा, १९३० हा क्रमांक दूरध्वनीशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि एवढे अवश्य सांगा की, फसलात तर आधी आम्हाला सांगा, तुम्हाला कोणी हसणार नाही. गुरुजींनी अखेर ते सांगितले. आणि आज वसाहतीतील प्रत्येक संशयास्पद ईमेल प्रथम त्यांच्याकडेच तपासायला येतो.