शब्द बंद दाराआडचा की उघड कागदावरचा?

निवडणूक अटीतटीची झाली की पक्षांची खरी कसोटी मतमोजणीनंतर लागते. २०१९-२० मध्ये ही कसोटी महाराष्ट्राची लागली, तशी आयर्लंडचीही. तेथील तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांचे मूळ घराणे मालवण तालुक्यातील वराडचे!

फेब्रुवारी २०२० मध्ये आयर्लंडच्या १६० जागांच्या सभागृहात फिआना फॉइलला ३८, शिन फेनला ३७ आणि वराडकरांच्या फिन गेलला ३५ जागा मिळाल्या. बहुमत कोणालाच नाही. फिआना फॉइल आणि फिन गेल या पक्षांचे वैर थेट १९२२-२३ च्या यादवी युद्धापासूनचे. तरीही त्यांनी ग्रीन पक्षाला सोबत घेऊन लेखी कार्यक्रम तयार केला, तो जाहीर केला आणि आपापल्या सदस्यांच्या मतदानाला टाकला. पंतप्रधानपद आधी मायकेल मार्टिन यांच्याकडे, नंतर वराडकरांकडे, असे ठरले. त्यानुसार डिसेंबर २०२२ मध्ये सत्तांतर झाले. ना कोणी रुसले, ना कोणी आमदार लपविले.

आणि आपल्याकडे? ऑक्टोबर २०१९ मध्ये भाजपाला १०५ आणि शिवसेनेला ५६ अशा १६१ जागा मिळाल्या. बहुमतासाठी १४५ पुरेशा होत्या. जनादेश इतका स्पष्ट असताना युती मोडली ती अडीच वर्षांच्या मुख्यमंत्रिपदावरून! उद्धव ठाकरे म्हणाले, शब्द दिला होता. अमित शाह म्हणाले, दिला नव्हता. कागद मात्र कोणीच दाखविला नाही. एकत्र मते मागायची आणि निकालानंतर ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच पंगतीला बसायचे, ही मतदाराची उघड प्रतारणा होती. २३ नोव्हेंबरच्या पहाटेचा शपथविधीही या रोगावरचे औषध नव्हते. ते त्याचेच दुसरे लक्षण होते.

याची झळ कोणाला बसली? भंडारा जिल्ह्यातील तिन्ही जागा २०१४ मध्ये भाजपाकडे होत्या. २०१९ मध्ये तिन्ही गेल्या. तुमसरला पक्षाचेच आमदार बंडखोर म्हणून उभे राहिले. भंडाऱ्यात शिवसेनेतून आलेले नरेंद्र भोंडेकर युतीच्याच उमेदवाराविरुद्ध अपक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी लगेच शिवसेनेला पाठिंबा दिला. त्या मतदारसंघातील कोंढ्यासारख्या गावात दारोदार फिरून युतीसाठी मते मागणाऱ्या कार्यकर्त्याने मग मतदाराला कोणते तोंड दाखवावे?

कोणी म्हणेल, आयर्लंडमध्येही सर्वाधिक पसंतीची मते मिळविणाऱ्या शिन फेनला बाहेर ठेवलेच ना! ठेवले; पण सत्तेवर आलेल्या पक्षांनी शिन फेनसोबत मते मागितली नव्हती. त्यांनी कोणाशी केलेली युती मोडली नाही. जी केली ती सर्वांच्या देखत केली. भेद आहे तो नेमका येथेच.

२०२४ मध्ये महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले म्हणून हा प्रश्न मिटला, असे समजणे आत्मघातकी ठरेल. मोठ्या बहुमतात उणिवा झाकल्या जातात. निसटत्या निकालात त्याच उघड्या पडतात. म्हणून युती करायची तर जागावाटपापासून मुख्यमंत्रिपदापर्यंतचा करार निवडणुकीपूर्वी लिहावा, प्रसिद्ध करावा आणि कार्यकर्त्यांसमोर मान्यतेसाठी ठेवावा. जो कार्यकर्ता उन्हातान्हात पक्षाचा शब्द घरोघरी पोहोचवितो, त्याला तो शब्द आधी वाचता आला पाहिजे. एवढेही न देणाऱ्या नेतृत्वाने त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावी?